ड्रमवोरकरांचा गोल अर्ज

पेंटलँड साहेबाच्या गड्याला आमच्या ड्रमवोर गावच्या चरात पोतं उपडं करताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. उनाकाकीनेही पाहिलं. आम्ही दोघी दलदलीच्या माळावर जळणासाठी कापलेल्या मातीच्या विटा उलथत होतो. बोनापार्टची लढाई संपली, त्याच्या पुढचं साल ते. त्या साली उन्हाळा असा आलाच नाही. कापलेली काळी माती वाळायचं नाव घेईना. एक बाजू सुकली म्हणून उलथावी, तर दुसरी बाजू पाणी गाळत बसायची. हिवाळ्यात चुलीत काय घालायचं या काळजीने आम्ही वाकलेल्या, आणि हा गडी गवतातून इकडेतिकडे बघत आला, पोतं झाडलं आणि आल्या वाटेने निघून गेला.

"काय टाकलं गं त्यानं?" उनाकाकीने विचारलं.

"मेलेलं कुत्रं आसंल," मी म्हणाले आणि पुन्हा वाकले.

दुपारी पेंटलँड साहेब आला. अबकारीचा साहेब तो, घोड्यावर, मागे लाल डगलेवाले शिपाई. गावात एका घराची झडती घेतली नाही, एका माणसाला काही विचारलं नाही. सरळ त्याच चरापाशी गेला आणि काठीने तांब्याची वेटोळी नळी वर काढली. हातभट्टीची नळी, भोकं पडून निकामी झालेली. कुठल्याही शहाण्या माणसाने ती भंगारातसुद्धा घेतली नसती.

आमच्या गावात हातभट्टी कधी लागलीच नाही, असं मी म्हणणार नाही. सातू विकून जमीनदाराचा खंड निघत नाही, तो सातू गाळला की निघतो, हे त्या डोंगरातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. जमीनदारालाही होतं. पण ती नळी आमची नव्हती. आणि कायदा कसा, तर ज्या गावाच्या हद्दीत नळी सापडेल त्या अख्ख्या गावाने दंड भरायचा. भट्टी कुणाची, हे विचारायचंच नाही. त्या दंडातला वाटा नळी शोधणाऱ्या साहेबाच्या खिशात. आता गंमत बघा, असा कायदा असताना साहेबाने नळ्या शोधत कशाला हिंडावं? एक नळी पोत्यात घालून हिंडवली की झालं.

दंड भरायची ऐपत गावात कुणाचीच नव्हती. म्हणून त्याच दिवशी शिपायांनी आमची गुरं हाकली आणि तालुक्याच्या गावी कोंडवाड्यात नेऊन घातली, दंड आला नाही तर लिलाव करायला. आमची तांबडी गेली, फेलिमच्या दोन्ही गेल्या, आणि उनाकाकीची ड्रिमिन गेली. काळ्या अंगाची, पाठीवर पांढरा पट्टा असलेली गरीब गाय. उनाकाकीला ना नवरा राहिला होता ना लेक. लेक बाळंतपणात गेली आणि तिचं तान्हं पोर म्हातारीच्या पदरात टाकून गेली. ते पोर ड्रिमिनच्या दुधावर जगत होतं. गाय परत आली नाही तर पोर जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

कोंडवाड्याचा रखवालदार जनावरांना गवताची काडी घालायचा नाही. आम्ही बायका डोक्यावर भारे घेऊन पावसात तिथवर जायचो. गवत आमचं, गाय आमची, पण धार काढायला गेलं की तो आडवा यायचा. गाय सरकारजमा आहे म्हणायचा, म्हणजे दूधही सरकारचं. ते सरकारचं दूध संध्याकाळी त्याची बायको बाजारात विकायची. मी एकदा त्याच्या तोंडावर थुंकायला निघाले होते, उनाकाकीने हाताला धरून मागे ओढलं. तिला अजून गाय परत हवी होती.

शेवटी सगळे कोनल मास्तरांकडे गेले. मास्तर कुंपणाच्या आडोशाला शाळा भरवायचे आणि आसपासच्या गावांचे अर्ज लिहायचे. बायाबापड्यांनी थेट डब्लिनच्या किल्ल्यात, मोठ्या लाटसाहेबाला अर्ज करायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. गावचा साहेब ऐकत नसेल तर मोठा साहेब ऐकेल, असं आम्ही कशावरून धरलं होतं देव जाणे. पण धरलं होतं.

मास्तरांनी लेखणी टोकदार केली आणि सुरुवात वाचून दाखवली. परमकृपाळू सरकार, आपल्या चरणांशी लोळण घेणारी आम्ही अतिदीन लेकरं, अज्ञानी, नतमस्तक, आपल्या दीर्घायुष्यासाठी रात्रंदिवस प्रार्थना करणारी. अर्धा कागद भरला तरी गाय काही आली नाही.

उनाकाकी पोराला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "मास्तर, आमी भीक मागतोय का?"

"अर्ज असाच लिहायचा असतो, उना."

"कुनी सांगितलं? गाय माजी हाय. चोर त्यो हाय. मंग पाया म्या का पडू?"

"सरकारला कागदात राग दिसला की सरकार कागद बाजूला टाकतं."

"आन् पाया पडलेलं दिसल्यावर?"

"वाचतं तरी."

"वाचून काय करतं?" म्हातारीने विचारलं. मास्तरांनी लेखणी पुन्हा दौतीत बुडवली. आणि खालच्या अर्ध्या कागदावर सगळं नीट लिहिलं. साहेबाचा गडी, पोतं, चर, भोकाची नळी, दोन बायकांनी पाहिलेलं. ते लिहिताना त्यांचाही हात जरा जोरात चालला, हे मी कबूल करते.

मग खुणा करायची वेळ आली. मास्तर सोडले तर लिहिता येणारा गावात कुणी नव्हता, सगळ्यांच्या फुल्याच. मास्तर म्हणाले, एकाखाली एक फुल्या करा, मी शेजारी नावं लिहितो. त्यावर पुरुषमंडळी चुळबुळायला लागली. फेलिम पुढे झाला. तो गावातला शहाणा.

"नावं नगंत," तो म्हणाला. "आन् एकाखाली एक बी नगं. वरला कोन ते दिसतं. ज्याची फुली वर, त्योच म्होरक्या म्हनून धरत्यात. गोलात करू."

गोलात खुणा करायची आमच्याकडे सवयच होती. जमीनदाराला धमकीचा कागद जायचा तो असाच. गोलाला सुरुवात नसते, म्हणून फासावर चढवायला पहिला माणूस सापडत नाही. पण धमकी वेगळी आणि अर्ज वेगळा. मास्तरांनी डोकं हलवलं, सरकारला अर्जदार कोण ते कळायला नको का म्हणाले. कुणी ऐकलं नाही. माझा नवरा मॅनस तर म्हणाला, "गोलात लई झ्याक. एकावर काय आलं तर समद्यांवर यील." सगळ्यांना ते पटलं. पुरुषांना एकीची गोष्ट बोलायला फार आवडते.

मीही हात पुढे केला. पोत्याचं मी पाहिलं होतं, म्हणून खूण माझीही असावी असं मला वाटलं. मॅनस म्हणाला, घरामागं एक खूण, आपल्या घराची म्या केली. उनाकाकी विधवा, तिच्या घरात तीच कर्ती, म्हणून तिची फुली गोलात गेली. वाकडी आली. कुदळीने बोटं आखडलेली होती तिची.

अर्ज गेला. गवताचे भारे वाहून आमच्या माना मोडल्या. उनाकाकी ओटच्या पिठाचं पाणी उकळून त्यात फडकं बुडवायची आणि पोराच्या तोंडात पिळायची. पोराचे डोळे मोठे मोठे दिसायला लागले. माझ्या घरात तान्ह्याला चालेल असं काही नव्हतं. आमचीही गाय तिथेच होती.

आणि मग सरकारचं उत्तर आलं. लाटसाहेबाने आमचा अर्ज वाचला होता म्हणे. वाचून तो चौकशीसाठी आमच्या भागातल्या मॅजिस्ट्रेटकडे, कॅप्टन लीसनकडे, पाठवला होता. हा कॅप्टन म्हणजे आमचा जमीनदार. पेंटलँड साहेब दर रविवारी त्याच्या मेजावर जेवायचा, आणि जेवणाबरोबर जी दारू असायची ती आमच्याच डोंगरातली. माझा संताप संताप झाला. चोराविरुद्ध तक्रार करावी आणि ती तक्रार चोराच्या मित्राच्या हातात परत यावी, याला राज्य म्हणतात काय?

चौकशीच्या दिवशी सगळं गाव तालुक्याच्या कचेरीत उभं केलं. कॅप्टन उंच खुर्चीवर, पेंटलँड त्याच्या शेजारी पाय पसरून बसलेला. ज्याची चौकशी तो खुर्चीत आणि आम्ही उभे. कॅप्टनला आमची भाषा येत नव्हती, मध्ये दुभाष्या होता. कॅप्टनने आधी एवढंच सांगितलं, की सरकारी अधिकाऱ्यावर खोटा आळ घेणाऱ्याला तुरुंग आहे, आणि तुरुंगानंतर जहाज. जहाज म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकाला, परत न येण्यासाठी. मग त्याने कागद वर धरला. त्याला हसू आवरत नव्हतं.

"हा गोल कुणी काढला?" दुभाष्याने विचारलं.

जो तो शेजाऱ्याच्या मागे सरकला.

"मग यात तुझी खूण कुठली?" त्याने फेलिमला पुढे बोलावलं.

फेलिमने कागदाकडे पाहिलं, टोपी हातात चुरगाळली आणि सांगितलं, यात माझी खूण नाही. त्याच्यामागून दुसऱ्याला विचारलं, तोही नाही म्हणाला. तिसरा म्हणाला, असा कागद मी पाहिलाच नाही. एकेक जण पुढे जात होता आणि गोलातली एकेक फुली बेवारस होत होती. एकावर आलं तर सगळ्यांवर येईल म्हणून काढलेला गोल तो. कुणावरच काही येईना.

मॅनसची पाळी आली. मी त्याच्या पाठीकडे बघत होते. त्या पाठीवर मी वाट्टेल तेवढा भरवसा ठेवला असता.

"साह्यब, फुली हाय ती," मॅनस म्हणाला. "कुनाची बी आसंल."

पेंटलँड मोठ्याने हसला.

मग उनाकाकी न बोलावता पुढे गेली. पोर तिच्या शालीत होतं, रडायचं त्राणही त्याला राहिलं नव्हतं. तिने कागदावर बोट टेकवलं. "ही वाकडी माजी," ती म्हणाली. "पोतं म्या बगितलं. साह्यबाच्या गड्यानं टाकलं. जहाजात घालायचं तर घाला. पर आदी गाय सोडा, ह्ये पोर मरतंय."

दुभाष्याने ते सांगताना आवाज बारीक केला, तेवढी लाज त्याला होती. मी गर्दीतून वाट काढली आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. सांगितलं, मीही पाहिलं, ती सांगते ते खरं आहे, नळी चरात कुणी टाकली ते मी देवाच्या पुस्तकावर हात ठेवून सांगते.

कॅप्टनने माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. "तुझी खूण यात आहे?"

"न्हाई. आमच्या घराची खूण नवऱ्यानं केलिया."

"तुझा नवरा म्हणतो, त्याने केलेली नाही." कॅप्टन शांतपणे बोलत होता, त्याचा आवाज एकदाही चढला नाही. "म्हणजे तुझा या अर्जाशी संबंध नाही. अर्जदारांची चौकशी करण्याचा मला हुकूम आहे, वाटेने जाणाऱ्या बायकांची नाही."

ज्यांनी फुल्या केल्या त्यांनी नाकारल्या, आणि जिला कबुली द्यायची होती तिला फुली करू दिली नव्हती. कॅप्टनने तिथेच डब्लिनला उत्तर लिहायला घेतलं, आणि काय लिहितो ते दुभाष्याने आम्हाला सांगितलं. ड्रमवोर गावाची तक्रार म्हणून जो कागद आला, त्याला गावात कुणी मालक नाही. एक म्हातारी तेवढी कबूल करते, तिला तुरुंगात घालण्याइतकी ती महत्त्वाची नाही. गुरांचा लिलाव ठरल्याप्रमाणे उद्या होईल. पेंटलँडने वाकून वाचलं आणि मान डोलावली.

बाहेर पाऊस होता. उनाकाकी कोंडवाड्याच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली आणि तिने ड्रिमिनच्या कपाळावर हात ठेवला. रखवालदाराने तोही काढायला लावला. घरापर्यंतच्या वाटेत पुरुष आपापसांत बोलत होते. तुरुंगात गेलो असतो तर बायकापोरांचं काय झालं असतं, गोल होता म्हणून वाचलो, असं फेलिम म्हणत होता. त्याला कुणी गप्प बस म्हणालं नाही.

घरी आल्यावर मी बटाटे उकडले. पाणी निथळून टोपली नेहमीसारखी पातेल्याच्या तोंडावर ठेवली आणि कडेने बटाटे मांडले. रांजणातलं जुनं आंबट ताक मी पुरवून पुरवून वाढत होते, त्याच्या वाडग्याची मधली जागा आज रिकामी ठेवली. मॅनस समोर बसला. उद्या लिलावात कोण बोली लावील, तांबडी कुणाकडे जाईल, असलं काहीतरी बोलत त्याने बटाटा सोलला, सवयीने हात मध्ये नेला, आणि तो हात तसाच राहिला.

"ताक?" तो म्हणाला.

"कुटलं ताक?"

"जरा बी उरलं न्हाई का कुटं?"

"अर्ज आपला न्हाई म्हनालासा न्हवं?" मी म्हणाले. "मंग गाय तरी आपली कशी?"

त्याने बटाटा खाली ठेवला. इतक्यात पलीकडे उनाकाकीच्या घरात पोर रडायला लागलं. रडणं कसलं, बारीक कुरकुर होती ती, पण दोन घरांत एकच भिंत होती आणि आमचं दार सताड उघडं होतं. मॅनस दार लावायला उठला.

"ऱ्हाऊ द्या उगडं," मी म्हणाले. "बसा. आन् ऐका."