निम्मी भाकर

महानंदाची गाडी परळीतल्या त्या गल्लीत शिरली तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते आणि आप्पांना मातीला न्यायचं केवळ तिच्यासाठी खोळंबलं होतं. आप्पा म्हणजे तिचे वडील, किराणा दुकानदार रुद्रप्पा. त्यांना भिंतीला टेकवून बसवलं होतं. लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत, बसवूनच मातीत ठेवतात. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगावर कोरं धोतर. भोवती बाया हेल काढून रडत होत्या. रडत नव्हती ती फक्त त्यांची बायको केसरबाई. ती कोरड्या डोळ्यांनी दाराकडं बघत होती आणि लेक आत येताच तिनं मान फिरवली.

गल्लीला याचं नवल वाटलं नाही. महानंदाला तर मुळीच नाही.

सत्तावीस वर्षांत महानंदानं सिनेमात काय म्हणून केलं नव्हतं? मालवणी सासू केली, वऱ्हाडी सरपंच केली, पुण्याची न्यायाधीश केली. ‘का’ऐवजी तोंडात येणारं जे गावाकडचं ‘कावून’ जिभेवरून घालवायला दोन वर्षं खटपट केली, तेच एका सिनेमासाठी पुन्हा जिभेवर चढवलं. पेपरवाले तिला अष्टपैलू म्हणत. हे पैलू कुणाच्या अंगावरून उतरवून आणले, ते पेपरवाल्यांनी कधी विचारलं नाही आणि बाईंनीही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर सुरुवातीची दहा-अकरा वर्षं ती मोलकरणी आणि गर्दीतल्या बायाच करत होती. तिला नाव मिळालं ते आईच्या जिवावर.

तिचा धाकटा भाऊ विश्वेश्वर बाविसाव्या वर्षी टिप्परखाली गेला. सकाळी अर्धी भाकर ताटात ठेवून, आल्यावर खातो म्हणून उठला होता. त्या दिवशी केसरबाईनं असा हेल काढला की न्यायला आलेले गडी मटकन खाली बसले. “निम्मी भाकर झाकून ठिवलीय रे माज्या इसू, आल्यावर खातो म्हन्लास रे, आता ती कुनाला वाडू रे.” महानंदा आईला बिलगून बसली होती. तीही धाय मोकलून रडत होती, आणि रडता रडता तिच्या ध्यानात राहिलं की आई ‘कुनाला’वर श्वास तोडते.

तीन वर्षांनी तिला मेलेल्या पोराच्या आईचं काम मिळालं. कागदावरचा संवाद अगदीच मिळमिळीत होता. महानंदानं तो बाजूला सारला आणि आईचा हेल काढला. नाव तेवढं बदललं. बाकी शब्द न् शब्द तोच, श्वास तोडायची जागासुद्धा तीच. त्या कामाला बक्षीस मिळालं. सिनेमा परळीत लागला तेव्हा आप्पा मोठ्या हौसेनं बायकोला पहिल्या खेळाला घेऊन गेले. नेमक्या त्या जागी थेटरात टाळ्या पडल्या. केसरबाई उठली, बाहेर येऊन पायरीवर बसली. “माजं रडनं इकलं तिनं,” एवढंच म्हणाली. त्याला सोळा वर्षं झाली. लेकीसमोर ती पुन्हा कधी रडली नाही. पुढं तर त्या हेलाचं रील झालं. मॅच हरली की पोरं मोबाइलवर ‘निम्मी भाकर’ लावून खिदळत.

आता बाकीच्यांचे हेल ओसरत आले तरी केसरबाई गप्पच. शेजारच्या सारजाबाईनं तिला हलवलं. “केसरबाय, मोकळी हो गं. असं आत कोंडून मरशील की.” मग हात टेकून ती महानंदाकडं वळली. “तू तरी रड बाई. तुला तर लई चांगलं येतंय.”

त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट. महानंदा आप्पांच्या पायाशी बसली. तिला खरोखर रडायचं होतं. बाप गेला होता तिचा. तिनं तोंड उघडलं आणि बाहेर पडली ती सिनेमातलीच चाल, श्वासही तिथंच तुटला. दारातल्या एका बाईनं मोबाइल वर धरला.

केसरबाईनं पुढं होऊन लेकीच्या तोंडावर हात ठेवला. हलकेच ठेवला. “इसूचं नेलंस ते नेलंस,” ती म्हणाली. “ह्यास्नी तरी ऱ्हाऊ दे.”

धाकट्या बहिणीनं, प्रणितानं, तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. “अक्का, राग धरू नको. तू जा आता.”

“मातीच्या आधी?”

“तू हायस तवर माय रडायची न्हाई. तिला वाटतंय, तू ध्यानात ठिवतीस. एकदा आप्पाला नेलं की मंग कुनाफुडं रडंल ती?”

महानंदाला संताप आला. मी काय चोर आहे का, बाप माझा नाही का, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण सांगणार कुणाला? तिनं आप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं. आईच्या पायांना हात लावायला वाकली, तर आईनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचते न पोचते तोच मागून आईचा हेल ऐकू आला. महानंदानं ड्रायव्हरला थांबवलं, काच खाली केली.

“दुकानाची फळी कोन लावंल हो, तराजूवरली राख आता कोन पुसंल हो...”

आप्पा रोज सकाळी दुकान उघडून पहिल्यांदा तराजू पुसायचे. रात्रभरात त्यावर गावाजवळच्या औष्णिक वीजकेंद्राच्या राखेचा थर बसलेला असायचा. महानंदाला रडू फुटलं, पोटातून, तिचं स्वतःचं. हुंदके देताना तिचे ओठ हलत होते. ‘राख’वर नाही. या खेपेला आई ‘कोन’वर श्वास तोडते.

हे आपल्या ध्यानात आलं, हे तिच्या ध्यानात आलं, आणि रडू जागच्या जागी थांबलं.

“चला,” ती ड्रायव्हरला म्हणाली आणि घाईघाईनं काच वर करू लागली. काच बंद होईतो पुढची ओळही पाठ झाली होती.