रेषेवरचा ठिपका

थोरलीचा नेम पक्का होता, पण रायफल तिचं ऐकेल तर शपथ. नऊ गोळ्या शहाण्यासारख्या जवळजवळ पडायच्या आणि दहावी भलतीकडेच. शेवटी लेथवर काम करणाऱ्या मामानं नळीच्या तोंडावर बसेल असं पितळी वजन करून दिलं. गोळी सुटताना नळी थरथरते. वजनाची कडी पुढेमागे फिरवून ती थरथर ताळ्यावर आणायची. मामानं कडीवर साठ बारीक खुणा पाडल्या, आकडे घालायचा मात्र कंटाळा केला.

दोघी बहिणी चार महिने त्या कडीच्या हात धुऊन मागे लागल्या. थोरलीनं पाच गोळ्या झाडायच्या, धाकटीनं कडी एक खूण फिरवायची, पुन्हा पाच. एके दिवशी पाचही गोळ्या एकाच भोकातून गेल्या. धाकटीनं स्वतःच्या नेलपॉलिशनं त्या खुणेवर लाल ठिपका दिला. तो नळीवरच्या रेषेसमोर आणला की झालं.

संघात जागा एकच, आणि हवी होती दोघींनाही. निवडीच्या दिवशी धाकटी सकाळीच खेळून मोकळी झाली. गुण बरे होते, पण थोरली सरावात रोज त्याहून जास्त मारायची.

दुपारी थोरलीच्या चाचणीच्या गोळ्याच विखुरल्या. तिनं मागे बसलेल्या धाकटीला विचारलं, "ठिपका हललाय का गं? बघ जरा."

धाकटीनं वाकून नीट पाहिलं. "अगदी रेषेवर आहे, ताई. तू श्वास सांभाळ."

थोरलीनं सगळा दोष आपल्या श्वासाला दिला. जागा तीन गुणांनी गेली. तरी तिनं धाकटीला मिठी मारली, अगदी मनापासून.

मग ती नळी पुसायला बसली. चार महिन्यांच्या काजळीनं वजन काळं पडलं होतं, ठिपकाही कळकट झालेला असायचा. आज तो नवाकोरा होता. आणि चार खुणा पलीकडे, त्या काळ्यात, नखाएवढं पितळ लख्ख पुसलेलं होतं.

परक्या कुणी केलं असतं तर तिनं शिव्या तरी घातल्या असत्या.

धाकटी आनंदानं शेजारी येऊन बसली. "ताई, स्पर्धेला माझ्यामागे तूच बस हं. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

थोरलीनं नळी तिच्यापुढे धरली आणि त्या लख्ख जागेवर बोट ठेवलं.

"बघ जरा," ती म्हणाली. "हललाय का?"

या वेळी धाकटी वाकली नाही.