तेल आधी

नॉरिसच्या गॅरेजात त्या शनिवारी इंजिन बसायचं होतं, आणि अर्नल्ड सकाळपासून लग्नघरातल्या मामासारखा मिरवत होता.

गाडी म्हणावी असं अजून तिच्यात काही नव्हतं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनिअमचे पत्रे, दोन बैठका. सगळं पेट्यांतून सुटं सुटं आलेलं आणि दोघा म्हाताऱ्यांनी भांडत भांडत जोडलेलं. इंजिन आणि गिअरबॉक्स मात्र अर्नल्डच्या जुन्या गाडीचे. जिचं काळीज काढून घ्यायचं तिला हे गाड्या जोडणारे लोक 'दाता' म्हणतात. अर्नल्डची गाडी दाता कशी झाली ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या वर्षी तो गाडी घेऊन कोपऱ्यावर दूध आणायला गेला आणि संध्याकाळी पार लांब व्हिटबीच्या बंदरावर सापडला, घरचा रस्ता विसरून. त्याच्या बायकोनं, अव्हरिलनं, त्याच दिवशी किल्ल्या काढून घेतल्या.

परवा ती नॉरिसला कुंपणापाशी गाठून म्हणाली होती, "सोमवारी त्यानं गॅस तसाच चालू ठेवला. तुझ्याकडे क्रेन, पेट्रोल, नाही नाही ते. एक जरी घोटाळा झाला ना नॉरिस, तर त्याचं येणं बंद. चर्चच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांना बसवतात, तिकडे पाठवीन."

तिचं चुकत नव्हतं. रात्र रात्र जागी राहून तिचा चेहरा निम्मा झाला होता. पण हॉलमध्ये कागदाची फुलं कातरत बसलेला अर्नल्ड नॉरिसच्या डोळ्यांपुढे आला. स्वतःची बायको गेल्यापासून नॉरिसच्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज म्हणजे अर्नल्डचाच.

"तेल भरलंस ना गिअरबॉक्समध्ये?" क्रेनची साखळी अडकवताना नॉरिसनं विचारलं.

"भरलं," अर्नल्ड म्हणाला. "तेल आधी, हे तुला शिकवलं कुणी?"

शिकवलं त्यानंच होतं. या सांगाड्यात गिअरबॉक्स एका अरुंद बोगद्यात बसतो, आणि एकदा बसला की तेल भरायच्या भोकापर्यंत पाना काय, करंगळीही पोचत नाही. म्हणून तेल आधी. अर्नल्डनं हे हिवाळाभर इतक्यांदा घोकलं होतं की नॉरिसला वाटलं, आता झाकण उघडून बघणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटं पाडणं. त्यानं बघितलं नाही.

गिअरबॉक्स जोडलेलं इंजिन वर गेलं. गिअरबॉक्सच्या शेपटीकडून तेल गळू नये म्हणून तिथं प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती. शेपूट खाली, नाक वर, असं ते धूड हळूहळू सांगाड्यात उतरू लागलं.

"डावीकडे घे. अरे, तुझं डावं नव्हे, गाडीचं डावं."

"गाडीला कधीपासून डावं-उजवं कळायला लागलं?"

"तुझ्यापेक्षा बरं कळतं तिला."

नळीला ओरखडा न येता इंजिन बसलं. बोल्ट आवळून झाले. अर्नल्ड खुशीत शीळ घालत मागच्या नळावर हात धुवायला गेला. नॉरिस गाडीखाली सरपटला आणि त्यानं शेपटीची पिशवी सोडली.

पिशवी कोरडी ठक्क होती. इतकं तिरकं उतरवलं की दोन थेंब तरी उतरतातच. तो धडपडत बाहेर आला, बाकाखाली वाकला. तेलाची बाटली तिथंच होती. सील तसंच.

तेवढ्यात दारातून अव्हरिल आली, हातात आल्याच्या केकची ताटली. मागून ओल्या हातांनी अर्नल्ड. नॉरिसच्या हातातली बाटली दोघांनाही दिसली. अव्हरिलनं आधी बाटलीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"मी विसरलो," नॉरिस म्हणाला. "तेल भरायचं माझ्याकडे होतं. साफ विसरलो."

अर्नल्ड बाटलीकडे बघत राहिला. कपाळावर आठ्या चढल्या. काहीतरी आठवायला गेला आणि ते हाती लागलं नाही, हे नॉरिसला स्पष्ट दिसलं. मग आठ्या उतरल्या.

"गाढवा," अर्नल्ड म्हणाला. "हिवाळाभर काय बडबडत होतो मी? चल, काढ परत सगळं. केक नंतर."

अव्हरिल ताटली ठेवून निघून गेली. दोघांनी बोल्ट सोडले, इंजिन पुन्हा वर घेतलं. अर्नल्डनं स्वतःच्या हातानं तेल भरलं, भोकातून थेंब ओघळेपर्यंत, आणि प्रत्येक घोटाला नॉरिसला शिव्या घातल्या. इतका खुलून तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. इंजिन पुन्हा बसेतो दोघांच्याही कमरा मोडायच्या बेताला आल्या.

अव्हरिल न्यायला आली तेव्हा अर्नल्डनं तिला कोपऱ्यात नेऊन बराच वेळ काहीतरी सांगितलं. मग तो कोट घालायला वळला, आणि ती नॉरिसपाशी आली.

"म्हणतोय, नॉरिसचं डोकं चालेनासं झालंय," ती हळूच म्हणाली. "त्याला गॅरेजात एकटा सोडायला नको. मी रोज जाणार, म्हणतोय."

नॉरिस हाताचं तेल चिंधीला पुसत राहिला.

"खरंच तू विसरलास?"

"विसरलो," नॉरिस म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. "मग पाठवते सोमवारपासून रोज," ती म्हणाली. "डबा दोघांचा देईन. पण गॅसला हात लावू देऊ नकोस."

तिघं फाटकापर्यंत गेले. तिथं अर्नल्ड थबकला.

"गॅरेजचा दिवा मालवलास का रे?"

दिवा मालवलेला होता, तो नॉरिसनंच मालवला होता.

"आठवत नाही बाबा," नॉरिस म्हणाला. "तूच बघून ये."

अर्नल्डनं बायकोकडे बघून मान हलवली, बघ, म्हटलं नव्हतं तुला, अशी, आणि तो बघायला परत गेला.