तिसरा हात

म्हाताऱ्याने अंगठ्याचं नख रंगाच्या फुगवट्याखाली सरकवलं आणि हलकेच उचललं. दुधावरची साय निघावी तसा लाल प्रायमरचा पापुद्रा सुटून आला. खाली लोखंड पुन्हा गंजलं होतं.

"परत?" मागे येऊन उभ्या राहिलेल्या सुनेने विचारलं.

"परत."

"हवा दमट असेल, बाबा."

"हवेला काय धाड भरलीय? एवढं कडक ऊन पडतंय."

तारेचा ब्रश घेऊन ती ट्रकच्या सांगाड्याच्या मागच्या टोकाशी उकिडवी बसली आणि घासायला लागली. लाल भुकटी तिच्या पायांवर पडत राहिली.

ट्रक मुलाचा होता. भंगारात निघालेला, घासाघीस करून घेतलेला, घरामागच्या अंगणात ठोकळ्यांवर चढवलेला. हौदा त्यानेच उतरवला होता, केबिन त्यानेच सुटी केली होती. दुसऱ्याच्या गाड्या कुठवर हाकायच्या, म्हणायचा. आणि गेला तो दुसऱ्याच्याच गाडीवर. उतारावर ब्रेक लागले नाहीत.

त्यानंतर ट्रकचा उघडा सांगाडा ताडपत्रीखाली पडून राहिला. कुणी त्या बाजूला फिरकत नसे. सासूने तर मागचं दार उघडणंच सोडलं होतं. कपडेसुद्धा ती पुढच्या गॅलरीत वाळत घाली. मग एका सकाळी सुनेने ताडपत्री ओढून काढली.

"बाबा, मला येतो चालवायला, त्यानंच शिकवलंय. बंदरावर मालवाहतुकीचं काम मिळतंय. राहायला खोली देतायत. तुम्ही गाडी तेवढी उभी करून द्या."

म्हाताऱ्याने उभा जन्म पूल आणि पाण्याच्या टाक्या रंगवण्यात घालवला होता. गंजाशी त्याची जुनी सोयरीक. तो हो म्हणाला. सासू हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. आत गेली आणि घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

काम खरं तर सरळ होतं. गंज खरवडायचा, औषध लावायचं, थिनरने पुसून प्रायमर मारायचा, वर काळा रंग. पण रंग धरतच नव्हता. आज लावावा, दोन-चार दिवसांत फोड यावेत. म्हाताऱ्याने प्रायमरचा डबा बदलला, थिनर बदलला, दुकानदाराला लाखोली वाहिली. फोड यायचे ते आलेच.

त्या दुपारी सून गोदामातल्या कामावर गेली. जेवण करून म्हातारा आडवा झाला, पण डोळा लागेना. इतक्या वर्षांत कुठल्याही लोखंडाने त्याला असं तोंडघशी पाडलं नव्हतं. तो उठला आणि अनवाणीच मागच्या दाराशी आला. दार किलकिलं होतं.

बायको ट्रकच्या सांगाड्याखाली बसली होती. शेजारी वाटी, वाटीच्या तळाशी न विरघळलेलं मीठ. ती फडकं पाण्यात बुडवायची, पिळायची आणि सकाळी घासून लख्ख केलेल्या लोखंडावरून फिरवायची. सावकाश, वरून खाली, तान्ह्या पोराच्या पायांना तेल चोळावं तसं. मधेच थांबून तिने तिथे हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

म्हातारा परत येऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

थोड्या वेळाने ती चहा घेऊन आली.

"झोप लागली का?"

"लागली होती."

"मग कपाळाला आठ्या कसल्या?"

"वयाच्या."

ती किंचित हसली. कप ठेवताना तिच्या नखांतली लाली त्याला दिसली. त्याने चहा बशीत ओतला आणि खिडकीबाहेर बघत प्यायला.

संध्याकाळी सून आली तेव्हा तो नळापाशी ब्रश धूत बसला होता. घरात ऐकू जाणार नाही अशा आवाजात तो म्हणाला,

"पोरी, रंग का धरत नाही ते कळलं मला. रागावू नकोस. तुझी सासू..."

"मीठ लावतात," ती म्हणाली.

त्याने वर पाहिलं.

"पहिला पापुद्रा निघाला तेव्हाच शंका आली. बोट लावून चाटून बघितलं. खारट लागलं."

"आणि मला उन्हातान्हात घासायला लावलंस? बोलली का नाहीस?"

सून नळाच्या कट्ट्यावर टेकली. पायातल्या चपला तिने काढून बाजूला ठेवल्या.

"तो गेल्यापासून त्या अंगणात आल्या नव्हत्या, बाबा. रडल्यासुद्धा नव्हत्या. मीठ लावायला का होईना, येऊन बसायच्या. म्हटलं, बसू देत."

म्हातारा ब्रश पिळत राहिला. ब्रशातून केव्हाच स्वच्छ पाणी गळायला लागलं होतं.

"पण आता बंदरावरून निरोप आलाय," ती म्हणाली. "जायला हवं."

दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी घेतली. सकाळीच सासूसमोर जाऊन उभी राहिली.

"आई, आज तुम्ही हाताखाली या. बाबांची कंबर धरलीय."

म्हाताऱ्याने लगेच कंबरेवर हात ठेवला.

सासू आली. दारातच थबकली, मग केस बांधत खाली उतरली. सुनेने बादलीभर गोडं पाणी आणि धुतलेलं फडकं तिच्यापुढे ठेवलं.

"आधी धुऊन घेऊ. कोपऱ्याकोपऱ्यातून. काही राहायला नको."

सासूचा हात बादलीवरच थांबला. तिने सुनेकडे पाहिलं. सून मान खाली घालून फडकं भिजवत होती. मग सासूने फडकं उचललं आणि धुवायला लागली, जिथे जिथे आपला हात फिरला होता तिथे तिथे, कुणी न दाखवता.

लोखंड उन्हात सुकलं. औषध लावून झालं. मग प्रायमरचा डबा मधे ठेवून दोघी दोन बाजूंनी बसल्या.

"तिकडे उतार असतील," सासू म्हणाली.

"नाहीत, आई. बंदरावर सगळं सपाट असतं."

"खोटं बोलतेस."

"थोडंसं."

सासू रंग लावत राहिली. आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जाणार नव्हती, तिथेही तिने ब्रश घातला.

"तो गेला तेव्हा घरात तू होतीस," ती म्हणाली. "तुझ्यासाठी चूल पेटवावी लागायची. आता..." पुढचं तिने ब्रशाने पुसून टाकलं.

सून उठून तिच्या बाजूला आली. जवळ बसली. तीच जागा तिनेही पुन्हा रंगवली.

या वेळी रंगाने लोखंड धरलं. आठवडा गेला तरी फोड आला नाही. दुसरा हात काळ्याचा झाला. तोही सुकला, इतका गुळगुळीत की म्हाताऱ्याने त्यावरून तळवा फिरवला आणि कौतुक करायला मुलगा शेजारी आहे अशा सवयीने वळला. तिथे सासू उभी होती. तिने ते पाहिलं, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्या घराने अजून ऐकला नव्हता. ती खाली बसली. सुनेने तिला धरलं. म्हातारा उभाच राहिला, एक हात ट्रकवर ठेवून.

ऊन उतरल्यावर सुनेने थिनरचा बोळा घेतला आणि सासूची बोटं एकेक करून पुसायला बसली. सासूचे डोळे सुजले होते. तिने ट्रकच्या काळ्याभोर सांगाड्याकडे पाहिलं आणि अगदी बारीक आवाजात विचारलं,

"काळ्याचा अजून एक हात लागेल का गं?"

प्रायमरवर काळ्याचा एकच हात पुरतो, हे एव्हाना अंगणातल्या तिघांनाही माहीत होतं. सुनेने मान वर केली नाही. सासूच्या करंगळीचा रंग ती पुसत राहिली.

"लागेल, आई."

म्हाताऱ्याने डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं. "एकानं भागायचं नाही," तो म्हणाला. "दोन लागतील."