चाळीस पानं राहिलीत

मी एक जुनी कादंबरी आहे. अंगाने जाड, पुठ्ठा निसटलेला, पहिली दोन पानं गेलेली. माझ्या पोटात एक दीपगृह आहे, तीन जहाजं आहेत आणि हल्ली कुणी बोलत नाही असे पुष्कळ इंग्रजी शब्द आहेत.

ऑकलंडच्या एका घरात मी बरीच वर्षं खिडकीला टेकण म्हणून काढली. मग त्या घरातल्या बाईने लिफुका बेटावरच्या आपल्या माणसांना निळा ड्रम भरून पाठवला. आत मांसाचे डबे, साबण, जुने सदरे, आणि डबे हलू नयेत म्हणून मधे खुपसलेली मी. ड्रम उघडला तेव्हा बाकीच्यांनी डबे उचलले. कालोलाइनेने मला उचललं.

ती बावीस वर्षांची होती आणि तिला शिक्षिका व्हायचं होतं. घरात शब्दकोश नव्हता. अडलेल्या शब्दाखाली ती पेन्सिलीने रेघ ओढायची, मागचं-पुढचं वाचून अंदाज बांधायची आणि समासात आपल्या टोंगन भाषेत अर्थ लिहायची. तोच शब्द पुढे पुन्हा भेटला की मागे येऊन आपली चूक सुधारायची. बाविसाव्या पानावर माणसं किनाऱ्यावर लाकडं गोळा करत होती, म्हणून तिथल्या एका शब्दापुढे तिने लिहिलं, 'सरपण'. नव्वदाव्या पानावर तोच शब्द पुन्हा आला, तेव्हा त्यात एक पेटी होती आणि एक बूट. तिने सरपण खोडून लिहिलं, 'जहाज बुडाल्यावर पाण्यावर उरतं ते'.

तिचा धाकटा भाऊ इकानी सहावीत शाळा सोडून मासेमारीला लागला होता. तो मागच्या खोपीत राहायचा. इथे वयात आलेला भाऊ बहिणीच्या छपराखाली झोपत नाही, तिच्या खोलीत जात नाही, तिच्या वस्तूला हात लावत नाही, सहसा तिच्याशी थेट बोलतही नाही. म्हणून कालोलाइने संध्याकाळी मला खिडकीपाशी घेऊन मोठ्याने वाचायची. बाहेर इकानी नारळ सोलत बसायचा.

"अगं, हळू वाच," आई म्हणायची. "डुकरंसुद्धा इंग्रजी बोलायला लागतील."

"आई, बाहेर सांग, सरपण चुकलं होतं माझं."

"ऐकलंस का रे? सरपण नव्हे म्हणे."

"वाटलंच मला," बाहेरून आवाज आला. "बूट कोण जाळतं?"

कालोलाइने मलाच तोंडावर धरून हसली.

तीनशे बाराव्या पानावर तिने खूण घातली आणि तिला ताप भरला. चौथ्या दिवशी ती गेली.

भावाच्या मुलांबाबत इथे आत्याचा शब्द शेवटचा. लाविनिया आत्याने सांगितलं, चटया, झाडाच्या सालीचं कापड आणि हे पुस्तक तिच्याबरोबर जातील. मला कबरीत तिच्या उशाशी ठेवायचं ठरलं. इकानीला रीतीप्रमाणे मागे स्वयंपाकाच्या भट्टीपाशी बसवलं होतं, कारण इथे मानाने बहीण मोठी, भाऊ लहान. तो तिथून उठला, राखेच्या हातांनी थेट तिच्या खोलीत शिरला आणि मला उचलून बाहेर गेला. घरातलं भजन मधेच थांबलं.

आत्या त्याच्या मागोमाग खोपीपाशी आली.

"कुणाच्या वस्तूला हात लावलास, कळतंय का?"

"कळतंय."

"सगळ्यांदेखत तिच्या खोलीत गेलास."

"तिचं वाचून संपलं नाही, आत्या. चाळीस पानं राहिलीत."

"तुला वाचता तरी येतं का?"

त्याने बाविसावं पान काढलं, रेघेखाली बोट धरलं आणि अडखळत ती ओळ वाचली. "हे सरपण नाही," तो म्हणाला. "जहाज बुडाल्यावर पाण्यावर..." पुढचं त्याने बोटाने समासात दाखवलं.

आत्याने वाकून समासातलं अक्षर वाचलं.

"वाच," ती म्हणाली. "संपलं की स्वतःच्या हाताने तिच्या कबरीच्या वाळूत पुरून ये. अर्ध्यात सोडलंस तर मला तोंड दाखवू नकोस. आणि आधी हात धू."

हात त्याने नंतर धुतले. त्याची काळी बोटं अजून माझ्या पुठ्ठ्यावर आहेत.

आता माझ्या समासात दोन हातांची अक्षरं आहेत. तिची बारीक, त्याची मोठी आणि तिरकी. तीनशे तिसाव्या पानावर एका शब्दाचा अर्थ त्याने तीनदा खोडलाय. चुकलं हे त्याला सांगणारं कुणी नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा मागे जाऊन पाहतो. खोपीच्या उंबऱ्यावर बसून तो मोठ्याने वाचतो, तोंड तिच्या खिडकीकडे करून. आई आता हळू वाच म्हणत नाही.

सुरुवातीला तो दिवसाला तीन पानं वाचायचा. मग एक. आता पाच पानं उरलीत. काल त्याने दोन ओळी वाचल्या आणि मला मिटलं.

मला मातीची भीती नाही. माझी जागा ठरलेली आहे, आणि ती चांगली आहे. फक्त एवढंच सांगते, कधी लिफुकाला आलात आणि धक्क्यावर जाळं झटकणारा इकानी भेटला, तर माशांचं विचारा, हवेचं विचारा. पुस्तक कुठवर आलं, हे मात्र त्याला विचारू नका.