बाईंचा ताप

गणिताच्या बाई बोलायला मोठ्या पक्क्या. सोमवारी त्यांनी वर्गाला बजावलं, "पोरींनो, आठवडाभर रोज चाचणी आहे खरी, पण हातपाय गाळायचे नाहीत. कितीही कंटाळा आला तरी थांबायचं नाही!" आणि गुरुवारी सकाळी त्यांनाच अंथरूण सोडवेना, तेव्हा ताप आल्याचा निरोप शाळेत धाडून त्या खुशाल दुपारपर्यंत घोरत पडल्या.

चारच्या सुमाराला बेल वाजली. टीव्हीसमोर शेंगदाणे खात बसलेल्या बाईंनी दार उघडलं, तर समोर वर्गाची मॉनिटर, आणि तिच्यामागे सगळे जिला चिमणी म्हणत ती अशक्त पोर.

"बाई, चाचणी झाली," मॉनिटर म्हणाली. "तुम्ही नव्हतात, म्हणून मीच फळ्यावर गणितं घातली. उत्तरं पुस्तकात बघून जिचा पेपर तिनेच तपासला."

"वर्गावर कोण होतं?"

"कोणीच नाही."

बाईंनी गठ्ठा हातात घेतला. सगळ्यात वर चिमणीचा पेपर होता. तिने चुकलेल्या आठही गणितांवर ठळक फुल्या मारून स्वतःला दहापैकी दोन गुण दिले होते.

बाईंच्या तोंडातले शेंगदाणे तोंडातच राहिले. कानशिलं तापली. आत टीव्हीवर कोणीतरी खदाखदा हसत होतं.

"बाई, चेहरा केवढा लाल झालाय तुमचा!" चिमणी कळवळून म्हणाली. "ताप उतरलेला दिसत नाही. उद्याही येऊ नका. चाचणी आम्ही घेऊ."