एकदा ‘नको’ म्हटलं की

माझी धाकटी बहीण मेंदूवर संशोधन करायची. माणूस विसरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी त्याच्या पाठीच्या कण्यातल्या पाण्यात अल्झायमरची खूण सापडते का, हा तिचा ध्यास. ते पाणी काढायच्या सुईला लोक घाबरायचे, म्हणून पहिल्यांदा ती स्वतःच आडवी झाली. “मुंगी चावल्यासारखं होतं गं ताई,” असं घरी येऊन मला सांगितलं आणि मग दोन दिवस डोकं धरून पडून राहिली. तेव्हापासून दर वर्षी ती आपलं पाणी काढून द्यायची. लग्न केलं नाही. आई म्हणायची, “हिचा संसार त्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये आहे.”

आता तोच आजार तिला झाला आहे.

परवा मी तिला तिच्याच विभागात घेऊन गेले. तिची शिष्या आता तिथली प्रमुख आहे. “धडधाकट होत्या तेव्हापासूनचे नमुने आहेत आपल्याकडे,” ती मला म्हणाली. “आजार पक्का झाल्यानंतरचा हा एक मिळाला, की मॅडमचं काम पुरं होतं, मावशी.”

खोली तशीच होती. उंच पलंग, पोटाशी धरायची उशी, स्टीलचा ट्रे. धाकटीने सुई पाहिली आणि म्हणाली, “नको.”

“मॅडम, तुमचंच काम आहे हे.”

“माझं ना? मग मी सांगते, नको.” माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “नवीन आहे वाटतं ही. हात किती गार आहेत हिचे!”

शिष्या कसनुसं हसली. उमेदीची सगळी वर्षं तिने धाकटीच्या हाताखाली काढली होती. मला बाजूला घेऊन ती म्हणाली, “मावशी, त्या तुमचं ऐकतात. बऱ्या असताना त्यांनी स्वतः संमती दिलीय, आता तुमची सही चालते. समजावून बघा ना एकदा.”

मला एक जुनी दुपार आठवली. धाकटी डबा विसरली होती, तो द्यायला मी इथे आले होते. एक म्हातारे मुख्याध्यापक याच पलंगावर उठून बसले आणि नको म्हणाले. त्यांचा मुलगा चिडला, “त्यांना काय कळतंय? तुम्ही करा हो!” धाकटीने शांतपणे हातमोजे काढले. “असा आजारी माणूस हो म्हणाला, तर मी दोनदा विचारते. नको म्हणाला, की एकदाच पुरे.” मग त्यांना चहा दिला, आल्याबद्दल आभार मानले.

हे आठवत असूनही मी तिच्याजवळ गेले. तिचं आयुष्यभराचं काम त्या एका सुईपाशी अडलं होतं. “आडवी हो बघू,” मी म्हटलं. लहानपणी वेणी घालायला बसवायचे, त्याच आवाजात.

आणि ती झाली की आडवी! कुशीवर वळली, उशी पोटाशी घेतली, गुडघे वर ओढले, पाठीची कमान केली. काही सांगावंच लागलं नाही. शिष्या तिची पाठ कापसाने पुसू लागली. धाकटीने माझी बाही मुठीत धरली.

“ताई सांगते म्हणून हं,” ती पुटपुटली. “मला नको होतं.”

एवढंच. ओरडली असती, तर कदाचित मी तिची समजूत घालत बसले असते.

“ऊठ गं,” मी म्हटलं. “राहू दे.”

शिष्येचा हात थांबला. “मावशी, पुढच्या वर्षी त्या या अवस्थेत तरी असतील का?”

“नसेल. माहीत आहे मला.”

तिने रिकामी नळी ट्रेमध्ये परत ठेवली. मग सुईवर टोपण बसवलं, हातमोजे काढले आणि स्वतः जाऊन चहा घेऊन आली. “आल्याबद्दल आभार, मॅडम,” एवढं म्हणून ती खिडकीकडे वळली आणि बाहीने डोळे पुसू लागली.

“ताई, ती पोरगी रडते का गं? कुणी रागावलं का तिला?”

“नाही गं. तिच्या बाईंनी शिकवलं होतं, ते आज तिला करावं लागलं.”

“कडक असणार बाई,” धाकटी कप दोन्ही हातांत धरून म्हणाली. “चहा मात्र छान झालाय.”